कपडे वाळत नाहीत, बाकी राहण्यासारखं आहे: कोकणातल्या होस्टेलची चार वर्षं

मागच्या आठवड्यात रूम खाली केली. चार वर्षं एकच होस्टेल, त्यातली तीन वर्षं एकच रूम, म्हणजे बरंवाईट लिहायचा हक्क आपल्याला आहे असं धरून लिहितेय. कॉलेजचं नाव टाकत नाही, कारण रूममेटची मावसबहीण यंदा तिथंच अ‍ॅडमिशन घेतेय आणि रेक्टर मॅडम फोनवर सगळं वाचतात. रत्नागिरी जिल्हा, इंजिनिअरिंग, गावापासून लांब सड्यावरचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचा कॅम्पस, आत मुलींचं तीन मजली होस्टेल, एवढं पुरे. या पट्ट्यातल्या दोनचार होस्टेलांवर मैत्रिणींकडं राहून आलेय, थोड्याफार फरकानं सगळीकडं हेच आहे, त्यामुळं घाटावरून कुणी येणार असेल तर उपयोग होईल.

मी लातूरची. हे आधीच सांगते कारण पुढचं बरंचसं पाण्याबद्दलच आहे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते लातूर. तेव्हा मी सहावीत होते, घरात बादल्या, पातेली, कळशा, जे भरता येईल ते भरलेलं असायचं आणि भरलेल्या बादलीला कुणाचा पाय लागला की घरात भांडण. त्यामुळं कॅप राउंडला (इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सरकारी फेरीत) रत्नागिरी लागलं तेव्हा पप्पांचं तोंड पडलं (त्यांना पुणे पाहिजे होतं) पण आजी म्हणाली, "जाऊ द्या पोरीला, तिकडं पाण्याला तरी कमी नाही." आजी बिचारी. कसं ते सांगतेच.

आमच्या वर्षाला राउंड लांबत लांबत कॉलेज चालू झालं नोव्हेंबरात. आणि तिथंच आम्ही फसलो. नोव्हेंबरातलं कोकण बघून कुणीही हो म्हणेल हो. सगळं हिरवंगार, हवा छान, होस्टेलच्या मागं काजूची झाडं, लांबवर समुद्राची एक रेघ दिसते असं वॉचमन काकांनी पप्पांना दाखवलं आणि पप्पांनाही ती दिसली. मग पप्पांनी रूम तपासली, म्हणजे पंखा फिरवून बघितला, प्लगमध्ये चार्जर लावून बघितला, कपाटाला कुलूप लागतं का बघितलं, लोखंडी कॉट हलवून बघितली. सगळं ओके. बघायला पाहिजे होत्या दोनच गोष्टी, कपडे कुठं वाळत घालायचे आणि पाण्याची टाकी कुठून भरते. ते आम्ही बघितलंच नाही. लातूरकर असून टाकी बघितली नाही, हे अजून मनाला लागतं.

तर पहिला पावसाळा आला दुसऱ्या वर्षाला. लोक म्हणतात कोकणात पाऊस जास्त पडतो, ते ऐकून काहीच कळत नाही, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर म्हणजे आमच्या लातूरच्या चौपट, हा आकडा वाचूनही काही कळत नाही. कळतं कधी, तर सोमवारी धुतलेली जीन्स पुढच्या सोमवारी हातात घेऊन बघता आणि ती अजून गार लागते तेव्हा. ओली नाही, वाळलेलीही नाही, गार. आणि तिला एक वास येतो, कुबट, पावात गुंडाळून ठेवल्यासारखा. चार वर्षांत माझ्या नाकातून तो वास गेलेला नाही.

होस्टेलला कपडे वाळत घालायला टेरेस आहे. टेरेसवर पत्र्याची शेड पण आहे. पण शेड तिन्ही बाजूंनी उघडी आणि पाऊस इथं वरून कमी आणि आडवा जास्त येतो, त्याला इकडं झड म्हणतात, तर झड आली की शेडमधले कपडे बाहेरच्यापेक्षा जास्त भिजतात. शिवाय जुलैमध्ये वारा सुटला की टेरेसला कुलूप, कारण एकदा म्हणे एका मुलीची चादर उडून बॉइज होस्टेलच्या पलीकडं गेली होती. मग उरतो पॅसेज. पॅसेजमध्ये नव्वद मुलींचे कपडे. जेवायला जाताना मान खाली घालून जायचं, नाहीतर कुणाचं तरी ओलं ओढणीचं टोक तोंडावर. रेक्टर मॅडमचा राउंड असला की सगळं काढायचं, गेल्या की परत लावायचं. दर वर्षी अर्ज दिला की एक बंद ड्राइंग रूम करा, नाहीतर दोन स्पिन ड्रायर तरी घ्या, दर वर्षी "पुढच्या बजेटमध्ये बघू". चौथ्या वर्षी ड्रायर आला एकदाचा, एकच, आणि त्याची रांग मेसच्या रांगेपेक्षा मोठी.

मग आम्ही रूममध्येच जुगाड केला. खिडकीच्या गजापासून माळ्याच्या हुकापर्यंत नायलॉनची दोरी, बरोब्बर पंख्याखालून. ती दोरी म्हणजे आमच्या रूमची राज्यघटना होती. पंख्याखालचे मधले दोन हात जागा फक्त आतल्या कपड्यांना, त्यात कुणाचीही दादागिरी चालणार नाही, मग उद्याचा कॉलेजचा ड्रेस, मग टॉवेल, आणि जीन्स शेवटी भिंतीकडं, मरू दे तिला. रात्रभर पंखा पाचवर आणि वर पाऊस, तिघी पांघरूण घेऊन झोपायचो. आतल्या कपड्यांचं मुद्दाम लिहितेय कारण हे कुणी सांगत नाही, ओलसर कपडे घालून फर्स्ट इयरच्या अर्ध्या मुलींना नायटा होतो आणि लाजेनं गप्प बसतात, मेडिकलमधून कुठलीतरी ट्यूब आणून लावत बसतात आणि ते अजून वाढतं. सरळ स्किनच्या डॉक्टरला दाखवा. आणि येताना कॉटनचे घरी लागतात त्याच्या दुप्पट सेट आणा, त्याला पर्याय नाही. जीन्स आणूच नका, आणली तर एक. बुटात रात्री पेपर कोंबून ठेवायचा आणि सकाळी बूट झटकून घालायचे, ते बुरशीसाठी नाही, फुरशासाठी. होय, साप. मातीच्या रंगाचं, वीत-दोन वीत लांब असतं, सड्यावरच्या दगडात राहतं आणि विषारी आहे. चार वर्षांत दोनदा पायरीवर बघितलं, दोन्ही वेळा काकांनी काठीनं उचलून लांब टाकलं आणि आम्हाला म्हणाले, "रात्री बॅटरीशिवाय खाली उतरू नको गो." त्यानंतर रात्री कधी बॅटरीशिवाय उतरले नाही.

बुरशीवर वेगळा निबंध होईल. भिंतीवर, कपाटाच्या आतल्या बाजूला, बेल्टवर, देवाच्या फोटोमागं. प्लेसमेंटसाठी म्हणून पप्पांनी लातूरला टेलरकडून काळं ब्लेझर शिवून दिलं होतं, मे महिन्यात छान कव्हर घालून कपाटात टांगलं आणि ऑगस्टला कंपनी आली तेव्हा बाहेर काढलं तर ब्लेझरला पांढरे केस आलेले. खरंच केस. ब्रश मारला, इस्त्री मारली, रूममेट चिपळूणवालीचा अर्धा परफ्यूम मारला, एसीत इंटरव्ह्यूला बसले आणि पाच मिनिटांत परफ्यूम उडून तो पावाचा वास हळूहळू टेबलभर पसरला. समोरचे सर सभ्य होते, काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची जरा मागं घेतली. सिलेक्शन झालं नाही, पण ते ब्लेझरमुळं नाही, डीबीएमएसमुळं, म्हणजे डेटाबेसच्या विषयामुळं. बारावीचं मार्कशीट वगैरे घरीच ठेवा, इथं झेरॉक्स आणा.

रूम कुठली घ्यायची हे पण यातच आलं. पाऊस इकडं नैऋत्येकडून येतो, त्यामुळं समुद्राची रेघ दिसते त्या बाजूच्या रूम चार महिने ओल्या. खिडकी बंद ठेवली तरी फटीतून पाणी आत येतं, त्या रूमवाल्या मुली खिडकीत टॉवेल कोंबून झोपतात. फर्स्ट इयरला सगळ्या मुली व्ह्यू बघून तीच बाजू मागतात आणि सीनियर ताया गप्प बसून मागची बाजू घेतात, काजूकडची. कुणी सांगत नाही. मी सांगतेय. तिसरा मजला पण नको, उन्हाळ्यात स्लॅब तापतो. तळमजल्याला ओल जमिनीतून येते. दुसरा मजला, मागची बाजू.

रूममेट हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग, माझं नशीब चांगलं. एक चिपळूणची, एक देवगडची. चिपळूणवालीची एक सवय होती, जूनचा पहिला मोठा पाऊस लागला की ती उठून आपली बॅग, पुस्तकं, लॅपटॉप, सगळं माळ्यावर चढवायची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते पण सड्यावर, इथं पूर यायचा म्हणजे अख्खा जिल्हा बुडायला पाहिजे. मी पहिल्या वर्षी हसले तिला. ती काही बोलली नाही, खुर्चीवर चढून बॅग वर सरकवत राहिली. नंतर कधीतरी तिनं सांगितलं, २२ जुलै २०२१ ला त्यांच्या घरात पाणी किती पायऱ्यांपर्यंत आलं होतं आणि दहावीची सगळी पुस्तकं, आईची शिलाई मशीन, फ्रिज कसे एकाच खोलीत गोल फिरत होते. त्यानंतर दर जूनला मी खालून बॅगा द्यायची आणि ती वर लावायची. माझीही बॅग वरच ठेवायची.

देवगडवालीचा विषय वेगळा. एप्रिल आला की तिच्या बाबांकडून आंब्याची पेटी, आणि ही बाई कॉटखाली ते पिकायला पेंढ्यात अढी घालायची. रूममध्ये तो वास, बाहेर बत्तीस डिग्री आणि अंगाला चिकट घाम, समोर डिस्क्रिट मॅथ्स. अभ्यास कोण करणार. मुंग्यांवरून रेक्टर मॅडमनी एकदा लेखी नोटीस दिली होती, त्यांना सहा आंबे दिले, नोटीस मिटली. (मॅडम, वाचत असाल तर नमस्कार.)

आता मेस. महिन्याला ३,४०० घेत होते, शेवटच्या वर्षी. पहिला महिना मी रडून काढला, खरं सांगते. सकाळी भात, रात्री भात, रविवारी चिकन म्हणून भात. चपाती मिळते पण ती मिळते एवढंच. आम्हाला ज्वारीची भाकरी लागते आणि इकडं भाकरी म्हणजे तांदळाची, दिसायला पांढरीशुभ्र, खायला मऊ, आणि तासाभरात परत भूक. घरून शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे यायचे त्यावर मी तग धरला, आणि धपाटे पावसाळ्यात तीन दिवसांत बुरसतात, तर तेही गेलं. मेस कंत्राटावर आहे, कंत्राटदार दोनदा बदलला, डाळीतली डाळ शोधायचं काम दोन्ही वेळा सारखंच. पण स्वयंपाक करणाऱ्या मावशी त्याच राहिल्या आणि माझ्या मते हे होस्टेल चालतं ते मावशींवर.

बुधवारी मासे असतात. मी आयुष्यात बांगडा बघितला नव्हता, लातुरात मासा म्हणजे धरणातला. पहिल्या बुधवारी ताटात अख्खा बांगडा आला, डोळ्यासकट, आणि मी नुसती त्याच्याकडं बघत बसले. मावशी काउंटरमागून आल्या, शेजारी बसल्या, माझ्या ताटात हात घातला, अंगठ्यानं पाठीवरून दाबत कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ ओढली, वरची बाजू उलगडली आणि मधला काटा शेपटीकडून धरून कंगव्यासारखा अख्खा उचलून बाजूला ठेवला. "आता खा. बाजूचे बारीक असतत ते जिभेला कळतत." दोन वर्षांनी मी फर्स्ट इयरच्या बीडच्या मुलीला तसाच काढून दिला. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत, तेव्हा बुधवारी सुकट किंवा नुसती कुळथाची पिठी. मावशी मे महिन्यातच स्वतःच्या घरासाठी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची तयारी करायच्या, सुके बोंबील, कोकमाची सोलं, मसाला, आणि त्यातलं थोडं आमच्या मेसच्या डब्यात यायचं, जे कंत्राटदाराला माहीत नव्हतं. रेड अलर्टला कलेक्टर सुट्टी देतात, त्या दिवशी बाहेर काळोख आणि आत पिठी-भात-भाजलेला पापड. त्या दिवशीची पिठी मला ज्वारीच्या भाकरीपेक्षा आवडली हे आईला सांगू नका.

मेसबद्दल तक्रार एकच पण मोठी आहे. गणपतीत अख्खं कोकण घरी जातं, होस्टेल ओस पडतं, मेस सात-आठ दिवस बंद. आणि लातूर-नांदेड-बीडच्या आम्ही दहाबारा जणी, आठवड्याच्या सुट्टीसाठी कोल्हापूरला गाडी बदलत येऊनजाऊन दीड दिवस प्रवासात घालवणं परवडत नाही, त्यात आंबा घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही. म्हणजे आम्ही होस्टेलवर, मेस बंद, इंडक्शन वापरायला बंदी, सापडला तर दंड. जेवायचं काय? तर मॅगी, तीही चोरून किटलीत. आणि मेसच्या बिलातून ते दिवस कापत नाहीत कारण मेस कट हवा असेल तर आपण आठ दिवस आधी अर्ज द्यायचा असतो, मेसनं स्वतःच सुट्टी घेतली तर त्याला नियम नाही. हे मी दोनदा लिहून दिलं. दुसऱ्या वर्षापासून चिपळूणवालीच्या घरचे मला गणपतीला घेऊन जायला लागले, तिच्या आईनं उकडीचे मोदक वळायला बसवलं, माझ्या मोदकाला पाकळ्या पाचच यायच्या, त्यामुळं माझा वैयक्तिक प्रश्न सुटला, पण राहिलेल्या मुलींचा सुटला नाही.

बाकी गोष्टी भराभर. वायफाय आहे, रात्री अकरानंतर चालतं. वीज वादळात जाते आणि महावितरणचा माणूस झाडं तोडून येईपर्यंत जाते, एकदा अडीच दिवस, इन्व्हर्टर फक्त पॅसेजला. गरम पाण्याला सोलर, म्हणजे जेव्हा ऊन असतं आणि गरम पाणी नको असतं तेव्हा भरपूर. बाथरूम साफ असतात, हे मी जोर देऊन सांगते, साफ करणाऱ्या ताई रोज येतात, पावसात पण. रॅगिंग नाही, फर्स्ट इयरला "इंट्रो" म्हणून गाणं म्हणायला लावतात तेवढंच, दरवाजात मोठ्या अक्षरात १८००-१८०-५५२२ हा अँटी-रॅगिंग हेल्पलाइनचा नंबर लावलेला आहे आणि अ‍ॅडमिशनला रॅगिंग करणार नाही असं ऑनलाइन अंडरटेकिंग भरून घेतात. सिक रूम नावाला आहे, एक कॉट आणि एक क्रोसिन.

पैशाचं एक सांगते, कारण आमच्याकडच्या पालकांचा गोंधळ होतो. २०२४-२५ पासून कॅप राउंडनं आलेल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींना ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पप्पा एवढे खूश झाले की नातेवाइकांत "पोरीचं शिक्षण फुकट" सांगून आले. होस्टेल आणि मेस त्यात येत नाही. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, होस्टेलचा दाखला जोडायचा, मिळतो पण कधी मिळतो ते विचारू नका, म्हणून पहिल्या वर्षाचे होस्टेलचे पैसे घरून भरायची तयारी ठेवूनच या. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे मार्च २०२३ पासून, घरी जायच्या फेऱ्या त्यामुळं वर्षाला दोनच्या चार झाल्या.

वेळेच्या नियमावर भांडलो ते मात्र सविस्तर लिहायला पाहिजे. आम्हाला गेट साडेसातला बंद, मुलांना दहाला. लायब्ररी नऊपर्यंत उघडी. म्हणजे लायब्ररी कुणासाठी? विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे, आईवडिलांनी आमच्या भरवशावर पाठवलंय." तिसऱ्या वर्षी आमच्यातल्या एकीनं यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) लैंगिक छळाविरुद्धचे नियम वाचून काढले, २०१५ चे, मे २०१६ ला लागू झालेले, त्यात सरळ लिहिलंय की मुलींच्या सुरक्षिततेचं कारण सांगून होस्टेलमध्ये मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावता येणार नाहीत. त्या पानाची झेरॉक्स काढली, ती ओळ पिवळ्या मार्करनं रंगवली, चौसष्ट सह्या घेतल्या, प्रिन्सिपल सरांना दिली. मीटिंग झाली. पालकांना फोन गेले. माझ्या पप्पांना पण गेला आणि पप्पा आधी माझ्यावरच ओरडले, मग म्हणाले, "लायब्ररी नऊपर्यंत आहे का खरंच? मग बरोबर आहे की पोरीचं." शेवटी आम्हाला मिळालं साडेआठ. दहा नाही, नऊ पण नाही, साडेआठ. लायब्ररीतून पावणेनऊला निघणारी मुलगी आजही गेटवर सही करून कारण लिहिते. मी सलग दोन महिने कारणाच्या रकान्यात "अभ्यास" लिहिलं.

आता आजीचं वाक्य. मे महिना. जुलैमध्ये ज्या होस्टेलात भिंतीतून पाणी येतं त्याच होस्टेलात मे महिन्यात नळाला पाणी नसतं. पहिल्या मे मध्ये मला वाटलं मोटर बिघडली. नाही. बोअर आटली, विहीर आटली, टँकर. मी वॉचमन काकांना विचारलं, एवढा पाऊस पडतो तो जातो कुठं? ते म्हणाले, जांभा आहे ना, चाळणी, आणि उतार सगळा समुद्राकडं. वरून पडतं, खाली जातं, ओढ्यातून खाडीत, दिवाळीनंतर नाव नाही. कोकणातल्या कितीतरी वाड्यांना उन्हाळ्यात टँकरच लागतो हे मला इथं येऊन कळलं. आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "खोटं नको बोलू, अभ्यास कर."

तर टँकर दिवसाआड, पाणी सकाळी साडेपाच ते सात, आणि डोक्यावर परीक्षा. नव्वद मुली बादल्या घेऊन रांगेत, पुढच्या दोघीतिघी नळ धरून बसायच्या, मागच्यांना काही नाही, रडारड. देवगडवाली, जिच्या घरामागं विहीर आणि पुढं समुद्र, ती बादलीभर पाण्यात अंघोळ करायची म्हणजे काय हे खरंच विचारत होती. तिला मी दाखवलं. अर्धी बादली, एक छोटा तांब्या, आधी अंग नुसतं ओलं करायचं दोन तांब्यांत, मग साबण, मग वरून खाली बारीक धार, आणि खाली टब ठेवायचा, त्यात पडलेलं पाणी संडासला. केसांचा दिवस वेगळा, आठवड्यातून एकच. तांदूळ धुतलेलं पाणी मेसमधून मागून आणून भांडी. ती म्हणाली, "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, सहावीत सिलॅबसला होतं. मग पॅसेजला कागद लावला, रूमनुसार बादल्या, रूमला तीन, आधी बाथरूमचे ड्रम भरायचे आणि मग स्वतःच्या. पहिल्या दिवशी सगळ्यांनी शिव्या घातल्या, चौथ्या दिवशी कागद प्लास्टिकमध्ये घालून परत लावलेला दिसला, कुणी ते माहीत नाही. तेव्हापासून तीन उन्हाळे मला पॅसेजमध्ये "टँकर ताई" म्हणत होते. चौथ्या वर्षी कॉलेजनं स्वतःच टायमिंगचं पत्रक काढलं, खाली सही रेक्टरची, आतला मजकूर आमच्याच कागदाचा, स्पेलिंगच्या चुकीसकट.

हे सगळं वाचून वाटेल की हिला होस्टेल आवडलंच नाही. पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा मावशींचा, अर्धा वॉचमन काकांचा, एक बाथरूमचा, दीड माझ्या रूमचा. गेलेला दीड वाळत घालायच्या जागेचा, गणपतीतल्या मेसचा आणि टाकीचा. बाहेर फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मैत्रिणी आहेत, तीन जणींत सहासात हजार भाडं, वर लाइट, वर स्वयंपाक, वर घरमालकीण काकूंचे नियम जे आमच्या रेक्टरपेक्षा कडक, आणि पावसात कॉलेजपर्यंत दोन किलोमीटर छत्री उलटी करत यायचं. कॅम्पसमध्ये आठ वीसला उठून साडेआठचं लेक्चर गाठता येतं, त्याची किंमत पैशात होत नाही. फक्त बघायला येणार असाल तर नोव्हेंबरात येऊ नका. जुलैमध्ये या, आणि जमलं तर मे महिन्यात परत एकदा.

जाता जाता डिपॉझिटचं. पाच हजार भरले होते, चार हजार दोनशे परत आले. आठशे कशाचे विचारलं तर पावतीवर लिहिलंय, "भिंतीवरील डाग". भिंतीवरील डाग! ती बुरशी आहे हो, ती माझ्या आधीपासून तिथं राहतेय, तिचं डिपॉझिट घ्या. क्लार्क काका म्हणाले नियम आहे. अर्ज टाकलाय, बघू.

चिपळूणवालीच्या मावसबहिणीला मी आमचीच रूम मागायला सांगितलीय, दुसरा मजला, काजूकडची बाजू. बाई, कॉट खिडकीजवळची घे. खिडकीच्या गजाला नायलॉनची दोरी आहे ती मी मुद्दाम सोडवली नाही, साफसफाईवाले काढायला आले तर काढू देऊ नकोस, त्याची गाठ तिसऱ्या प्रयत्नात नीट बसलीय. आणि माळ्यावर डाव्या कोपऱ्यात झाकणाचा निळा ड्रम ठेवलाय, आत तांब्या आहे, तो मे महिन्यापर्यंत कुणाला दाखवू नकोस.